पाचवी मागणी

रविवारी दुपारपर्यंत माणूस बरा असतो. जेवणावर ताव मारतो, मुलांशी पत्ते खेळतो, तासभर डुलकी काढतो. उन्हं उतरली की मात्र त्याच्या पोटात गोळा येतो. डोंबिवलीच्या फडके रोडवर तेव्हा गर्दी फुलायला लागलेली असते. बायको म्हणते, चला, जरा पाय मोकळे करून येऊ, आणि हा नुसता भिंतीकडे बघत बसतो. उद्या सोमवार आहे, एवढंच कारण. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात रविवारची संध्याकाळ अशी किती घरांत उतरत असेल, याची नोंद कुठल्याच वहीत नाही. घरातले म्हणतात, ‘याचं हल्ली कशातच लक्ष नसतं.’ तो म्हणतो, ‘काही नाही, जरा दमलोय.’ आणि विषय तिथेच संपतो.

दमणं आपल्याला ठाऊक आहे. शेतात, कारखान्यात, स्वयंपाकघरात माणसं पिढ्यान् पिढ्या दमत आली आणि रात्री पाठ टेकली की सकाळी पुन्हा उभी राहिली. मी ज्या थकव्याबद्दल लिहितो आहे तो झोपेला दाद देत नाही. दहा तास झोपून उठलेल्या माणसाला पुन्हा आडवं व्हावंसं वाटतं. ज्या कामात एके काळी जीव ओतला त्याचाच तिटकारा येतो. पाच मिनिटांच्या कामाला अर्धा तास लागतो, आणि मग वाटायला लागतं की आपल्याला काही येतच नव्हतं, इतकी वर्षं लोकांच्या ते लक्षात आलं नाही एवढंच. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये स्वीकारलेल्या आणि 2022 पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात ‘बर्नआउट’च्या तीन खुणा दिल्या आहेत, त्या याच. शक्ती संपून जाणं, कामापासून मनाने तुटणं, आणि आपण कामाला पुरे पडत नाही असं वाटत राहणं. त्या नोंदीतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. संघटनेने याला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ तसाच साचू दिला की हे होतं, असं तिथे लिहिलं आहे. बोट पहिल्यांदा कामाकडे जातं, माणसाकडे नंतर.

हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1974 मध्ये या अवस्थेवर लिहिलं तेव्हा त्याच्यासमोर न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात राबणारे लोक होते. कुणी सक्ती केली म्हणून ते आले नव्हते, तळमळीने आले होते. आपल्याकडेही बघा, कामचुकार माणूस सहसा या वाटेला जात नाही. वॉर्डातली जी सिस्टर दुसरीची नाइट स्वतःवर घेते, शाळेतल्या ज्या बाई मे महिन्यातही याद्या आणि अहवाल भरत बसतात, ऑफिसात ज्या मुलाबद्दल सगळे म्हणतात की ‘त्याला सांगा, तो करतो’, त्यांचाच नंबर आधी लागतो. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही त्याच्या टेबलावर सगळ्यांचं काम येऊन पडतं.

आपल्या पट्ट्यात त्यात प्रवासाची भर पडते. डोंबिवलीहून मुंबईचं टोक सुमारे 48 किलोमीटर, कल्याणहून 54. जाऊन-येऊन तीन तास सहज जातात, आणि हे तीन तास कामाच्या कुठल्याही हिशेबात धरले जात नाहीत. सकाळच्या फास्ट लोकलला दारात एक पाय टेकवून उभा राहिलेला माणूस त्या तासाभरात एक क्षणही सैल होऊ शकत नाही. 9 जून 2025 च्या सोमवारी सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींशेजारून जाताना दारातले प्रवासी खाली पडले, काही जिवाला मुकले. त्यांच्याच डब्यात उभे असलेले लोक त्या दिवशीही पुढे कामावर गेले, दुसऱ्या दिवशीही त्याच दारात उभे राहिले. ऑफिसात लेटमार्क बसू नये म्हणून. त्यांच्या मनावर काय उमटलं हे त्यांना कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

कामातून होणारी एक जखम अशी सावकाश, वर्षानुवर्षं होते. दुसरी एका क्षणात होते. 26 मे 2016 ला डोंबिवलीच्या एमआयडीसीत प्रोबेस कंपनीत स्फोट झाला. 23 मे 2024 ला त्याच औद्योगिक भागात अमुदान कंपनीत झाला. दोन्ही वेळा आजूबाजूच्या इमारतींच्या काचा फुटल्या, माणसं दगावली, चौकशा झाल्या. त्या दिवशी शेजारच्या कंपनीत पाळीवर असलेला, अंगावर ओरखडाही न आलेला कामगार मात्र कुठल्याच यादीत येत नाही. जखमी म्हणून त्याची नोंद नाही, मग नुकसानभरपाई कुठली. तो आठवड्याभरात परत मशिनवर उभा राहतो. पुढे कधीतरी ड्रम आपटल्याचा आवाज झाला की त्याचे हातपाय गार पडतात, आणि तो बिचारा स्वतःलाच भित्रा म्हणवून घेतो.

लोकलच्या मोटरमनचा विचार तर आपण प्रवासी कधीच करत नाही. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर गेल्या कित्येक वर्षांतल्या बहुतेक वर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मेली आहेत. रूळ ओलांडताना, गाडीतून पडून, कधी स्वतःहून. त्यांतल्या कितीतरी जणांचा शेवटचा क्षण केबिनमध्ये बसलेल्या एका माणसाने समोरून पाहिलेला असतो. बारा डब्यांची भरलेली गाडी वेगात असताना ब्रेक लावला तरी ती काही शे मीटर पुढे जाते. हॉर्न आणि ब्रेक, एवढ्या दोनच गोष्टी त्याच्या हातात असतात, आणि त्या दोन्ही करूनही पुरत नाही हे त्याला त्या दोन सेकंदांत कळतं. मग कंट्रोलला कळवायचं, हमाल येतात, लोहमार्ग पोलीस येतात, आणि गाडी पुढे न्यायची. मागच्या डब्यांत आपण घड्याळ बघत असतो, ‘काय झालं, का थांबलीय’ म्हणत असतो. त्याने काय पाहिलं ते घरी बायकोला सांगावं का, हा प्रश्न तो कल्याणला घरी पोचेपर्यंत मनात घोळवत असणार. अनेक जण सांगत नाहीत. मी त्यांना धाडसी म्हणेन, पण या धाडसाची किंमत आपण त्यांना एकट्याने भरायला लावतो आहोत, हेही त्याच दमात म्हणेन.

आपलं शरीर अशा प्रसंगानंतर पहाऱ्यावर उभं राहतं, आणि धोका टळला तरी पहारा उठत नाही. झोपेत तोच प्रसंग परत दिसतो. त्याची आठवण करून देणारी जागा, आवाज, वास माणूस टाळायला लागतो. टाळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यानेच भीती पक्की होत जाते. हे कमकुवतपणाचं लक्षण नाही. जिवंत राहण्यासाठी बनलेली ही यंत्रणाच आहे, फक्त ती थांबायचं विसरलेली असते.

या सगळ्यावर विचार करताना मला नारायण मेघाजी लोखंडे दिसतात. आपल्या ठाण्यात 1848 मध्ये जन्मलेला माणूस. मॅट्रिकपर्यंत शिकले, रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी केली, पुढे मुंबईच्या मांडवी मिलमध्ये स्टोअरकीपर झाले, आणि तिथे गिरणी कामगाराचं जगणं त्यांनी रोज जवळून पाहिलं. जोतिबा फुल्यांचे ते सहकारी, सत्यशोधक, ‘दीनबंधु’चे संपादक. रविवारची सुट्टी त्यांच्यामुळे मिळाली, हे आता शाळकरी मुलांनाही माहीत असतं. सप्टेंबर 1884 मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. पुढे 24 एप्रिल 1890 ला महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले, दोन कामगार स्त्रियांनी तिथे भाषणं केली, आणि 10 जून 1890 ला गिरणीमालकांनी आठवड्याच्या सुट्टीला मान्यता दिली.

सुट्टीची गोष्ट सगळे सांगतात. मला ते 1884 चं निवेदन पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतं. त्यात पाच मागण्या होत्या. रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. सकाळी साडेसहाला काम सुरू होऊन सूर्यास्ताला संपावं. पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत मिळावा. आणि पाचवी मागणी अशी, की काम करताना ज्याला गंभीर इजा होईल त्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जो कायमचा जायबंदी होईल त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी.

बरा होईपर्यंत पूर्ण पगार. एकशे चाळीस वर्षांपूर्वीचे हे शब्द आहेत, आणि साडेपाच हजार माणसांनी त्याखाली सही-अंगठा केला. इजा कामाने केली तर बरं होण्याचा खर्च कामाने उचलावा, यात त्यांना काही अवघड वाटलं नाही. यंत्राच्या पट्ट्यात हात सापडला की ते रक्त सगळ्यांना दिसत होतं. आज लॅपटॉपपुढे, वसुलीच्या फोनवर, रात्रपाळीच्या वॉर्डात, मोटरमनच्या केबिनमध्ये जे सापडतं ते दिसत नाही, म्हणून ती मागणी आपण करत नाही. उलट माणूसच माफी मागतो. रजेच्या अर्जात ‘व्हायरल ताप’ असं लिहितो.

आमच्या ओळखीच्या एक वहिनी कल्याण पश्चिमेला राहतात. एका कर्ज देणाऱ्या कंपनीत वसुली विभागात टीम सांभाळत होत्या. महिन्याचं टार्गेट, त्याच्या आत आठवड्याचं, त्याच्या आत रोजचं. रात्री साडेनऊला सगळ्यांसमोर फोनवर झाडाझडती. दिवसभर दुसऱ्यांच्या शिव्या खायच्या आणि रात्री वरिष्ठांच्या. एका सकाळी ठाणे स्टेशनात गाडी थांबली तशा त्या खाली उतरल्या. उतरायचं ठरवलं नव्हतं. बाकावर बसल्या, डबा मांडीवर, आणि एकामागून एक गाड्या सोडत राहिल्या. शेवटी नवऱ्याला फोन केला, ‘अहो, मला पुढेही जाता येत नाहीये आणि घरीही येता येत नाहीये, तुम्ही या.’

त्यांच्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासून घेतलं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-12, साखर. हे फार योग्य केलं, कारण यातलं काहीही कमी-जास्त असलं तरी माणूस असाच गळून जातो. तिथे काही निघालं नाही तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, कारण नुसत्या शिणवट्याच्या पलीकडे नैराश्याची सुरुवात झाली होती. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळतात, आणि घरच्या घरी त्या वेगळ्या करता येत नाहीत. नोकरी सुटली. घराचा हप्ता चालू होता.

पहिले काही आठवडे त्या नुसत्या झोपल्या. मग झोप संपली आणि लाज सुरू झाली. दुपारी खिडकीशी बसायच्या, खालून कुणी बाई वर बघते आहे असं वाटलं की पडदा ओढायच्या. आपल्या मध्यमवर्गीय घरात रिकामं बसणं हा गुन्हाच असतो, मग बसलेली सून म्हणजे विचारायलाच नको. एकदा उठून घाईघाईने भांडी घासायला लागल्या तेव्हा सासूबाईंनी हातातली भांडी काढून घेतली. सासरे लालबागच्या गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले, आणि तो संप मागे घेतल्याची रीतसर घोषणा कधी झालीच नाही. गिरणी गेली, खोली विकली, आणि कुटुंब कल्याणला आलं. सासूबाई म्हणाल्या, ‘तुझे सासरे अस्सेच बसायचे गं, ह्याच खिडकीत. दोन वर्षं. आम्ही सगळ्यांनी त्यांना आळशी म्हटलं. दिरांनी म्हटलं, शेजाऱ्यांनी म्हटलं, मी पण म्हटलं. ते गेले, आता कुणाला सांगू? तू बस. तुला कुणी काही बोलणार नाही.’

गिरणी कामगारांचं काय झालं यावर आपण पुष्कळ लिहिलं. मोर्चे, घरं, चिमण्या, मॉल. पण ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या चाळींत आणि छोट्या ब्लॉकमध्ये येऊन बसलेले, चाळिशीतच म्हातारे झालेले ते पुरुष कुठल्या दुखण्याने गप्प झाले होते, हे पुरतं लिहिलं गेलं नाही. काही दारूने गेले. काही वॉचमन झाले. काम गेलं की त्याच्याबरोबर सकाळचा भोंगा गेला, पाळीचे सोबती गेले, खानावळ गेली, गावाकडची पत गेली. पुढे 2009 मध्ये आंबिवलीजवळची एनआरसी कंपनी बंद झाली, तेव्हा तिच्या मोहन्याच्या कामगार वसाहतीनेही हेच पाहिलं. त्या सगळ्यांना आपण ‘खचला’ एवढंच म्हणून मोकळे झालो. त्या घरातल्या एका म्हातारीने चाळीस वर्षांनी ते ओळखलं, आणि नवऱ्याला जे देता आलं नाही ते सुनेला दिलं. या घटनेपुढे मला बाकीचे सगळे सल्ले फिके वाटतात.

बाहेरची मदत आपल्या या भागात आहे, आणि ती घ्यायला हवी. ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 सालचं. त्याच्यामुळे ‘ठाण्याला पाठवायला पाहिजे’ हा टोमणा मुंबईपासून कोकणापर्यंत घराघरांत रुजला, आणि त्या टोमण्याच्या धाकाने कित्येकांनी डॉक्टरांची पायरी चढली नाही. त्याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990 मध्ये इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू केली, आणि मनाच्या आरोग्यावर मराठीत, जाहीरपणे, साध्या माणसाशी बोलायची वाट मोठी केली. अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ विचारपद्धती मराठी वाचकांपर्यंत पोचवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. ‘मला हे जमलंच पाहिजे, नाही जमलं तर मी कवडीमोलाचा’ हा हट्ट ओळखायचा आणि तो सैल करायचा, हे त्या पद्धतीतलं एक मुख्य काम. वहिनींना त्याचा खूप उपयोग झाला. तरी मला इथे एक गोष्ट स्पष्ट म्हणायची आहे. ज्या कंपनीत टार्गेट दर तिमाहीला वाढतं आणि माणसं कमी होतात, तिथे कर्मचाऱ्यांना ताणमुक्तीचं तासाभराचं शिबिर देऊन भागत नाही. विचार बदलून माणूस सावरतो. त्याच भट्टीत त्याला परत उभं केलं तर तो पुन्हा भाजतो.

जिथे जवळपास कुणी नाही तिथे 14416 हा ‘टेलि-मानस’ या मदतवाहिनीचा क्रमांक आहे. 2022 च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, चोवीस तास, विनाशुल्क, आणि मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं वाटत असेल तर विचार करत बसू नये, तिथे लगेच फोन करावा, आणि घरातल्या एकाला तरी सांगून त्याच्याजवळ बसावं. घरातल्यांनीही ‘असलं काही बोलू नकोस’ म्हणून सांगणाऱ्याचं तोंड बंद करू नये, त्याला बोलू द्यावं.

पैशाचा प्रश्न राहतोच. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराच्या बरोबरीने धरायला सांगितलं आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे आपल्या ईएसआयमध्ये, आजारपणाच्या रजेत वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के वेतन मिळतं. पण पगार 21 हजारांच्या वर गेला की साधारणपणे माणूस त्या योजनेबाहेर पडतो, आणि ज्या ठेकेदाराकडे नोंदणीच नाही त्याच्याकडचा वॉचमन बारा-बारा तास उभा राहूनही आत येत नाही. पार्सल पोचवणाऱ्या मुलांचं तर विचारू नका. वहिनींना नवऱ्याचा पगार होता, म्हणून त्यांना खिडकीत बसता आलं. बरं व्हायला वेळ लागतो आणि वेळ विकत घ्यावा लागतो, ही आजची स्थिती आहे. लोखंड्यांची पाचवी मागणी मला म्हणून जुनी वाटत नाही.

कामाचे तास तर उलट्या दिशेने चालले आहेत. आठवड्याला 55 किंवा त्याहून जास्त तास काम आणि पक्षाघात, हृदयविकार यांचा संबंध जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी 2021 मध्ये मांडला. 2016 या एका वर्षात अशा कामामुळे जगात सुमारे 7 लाख 45 हजार मृत्यू झाले असा त्यांचा अंदाज आहे. आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये दुकानं आणि आस्थापनांतल्या कामाची दिवसाची मर्यादा 9 तासांवरून 10 तासांवर न्यायला मंजुरी दिली. त्यात घर ते ऑफिस हा प्रवास धरा आणि कल्याणच्या माणसाचा दिवस मोजा. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क असावा म्हणून सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं, 2025 मध्ये पुन्हा मांडलं. फ्रान्समध्ये तसा कायदा 2017 पासून आहे. आपल्याकडे खासगी विधेयक सहसा मांडण्यापुरतंच राहतं. तरी कुणीतरी ते मांडतं आहे, ही गोष्ट लहान नाही. 1884 च्या निवेदनालाही रविवार मिळायला सहा वर्षं लागली होती.

वहिनींचं बरं होणं सरळ रेषेत झालं नाही. चार दिवस बरे, मग एक दिवस असा की अंथरुणातून उठवेना. आधी शरीर परत आलं, भूक लागायला लागली. त्यानंतर लक्ष आलं. वर्तमानपत्राचं एक पान सलग वाचता यायला लागलं. गोडी सगळ्यांत शेवटी आली. फोनची धास्ती मात्र हटत नव्हती. ऑफिसच्या फोनची जी धून होती ती रिक्षात दुसऱ्या कुणाच्या मोबाइलवर वाजली तरी तळव्यांना घाम फुटायचा. समुपदेशक बाईंनी त्यावर एक सराव दिला. नवऱ्याच्या मोबाइलवर तीच धून लावायची, आणि वहिनी भाजी निवडत बसल्या असताना त्याने ती आतल्या खोलीतून हळू आवाजात वाजवायची. उठून जायचं नाही. मेथी निवडत राहायची. धडधड वाढते, टोकाला जाते, आणि आपण पळालो नाही तर हळूहळू आपसूक उतरते, हे शरीराला कळू द्यायचं. मग आवाज थोडा मोठा. मग त्याच खोलीत. मग स्वतःच्या फोनवर. किती जुड्या मेथी निवडून झाली कुणास ठाऊक, पण एका संध्याकाळी धून वाजली आणि त्यांनी मान वर न करता म्हटलं, ‘अहो, बंद करा ते, चांगली नाहीये ती धून.’ नवरा आणि सासूबाई एकमेकांकडे बघत राहिले.

काळ्या तलावाला फेऱ्या सुरू झाल्या. तिथे पहाटे येणाऱ्या बायकांपैकी एकीनेही ‘सध्या काय करता’ असं विचारलं नाही, याचं त्यांना फार अप्रूप वाटलं. आजारातून उठणाऱ्या माणसाला आपण ‘काय खाल्लंस’ विचारतो. यातून उठणाऱ्याला ‘कधी जॉइन होतोयस’ विचारतो. त्या प्रश्नाने कितीतरी जण महिनाभर मागे जातात. त्याच्याबरोबर चालावं, त्याला तलावापर्यंत न्यावं, वाटेत गप्प राहावं लागलं तर राहावं. एक दिवस त्यांनी शिवाजी चौकात भाजीवाल्याशी वांग्यांवरून कडाडून घासाघीस केली, ‘ही काय वांगी आहेत का, सगळी जून आहेत’ म्हणाल्या, आणि सासूबाईंनी ते घरी आल्यावर पेढे आणल्याच्या थाटात सगळ्यांना सांगितलं. माणूस परत येत असल्याची ती खूण होती. ज्याला काहीच नकोसं असतं तो वांग्यांवरून भांडत नाही.

नोकरी परत करायचीच होती. ती मुंबईला करायची नाही, एवढं त्यांनी ठरवलं. कल्याणातच एका छोट्या पेढीत हिशेबाचं काम मिळत होतं. पगार आधीच्या निम्म्याच्या आसपास, वेळ दहा ते सहा, चालत जाता येईल इतक्या अंतरावर. नवऱ्याने हप्त्याची मुदत बँकेत जाऊन वाढवून घेतली. मुलाखतीत पेढीचे मालक म्हणाले, तुम्ही इतक्या मोठ्या कंपनीत होतात, इथे तुमचं मन लागेल का. वहिनी म्हणाल्या, लागेल. मग मालकांनी विचारलं, तुमचा काही प्रश्न?

‘सहानंतर फोन येतो का?’

‘तसा नाही. एखाद्या वेळी, मार्चएंडला.’

‘मार्चएंडला मी आठपर्यंत थांबेन इथे. पण घरी फोन नको. आणि हे तेवढं पत्रात लिहून द्याल का, सर?’

मालकांनी असं पत्र कधी दिलं नव्हतं. त्यांनी मुनीमजींना हाक मारली, दोघांनी मिळून वाक्य कसं लिहायचं ते ठरवलं, आणि नेमणुकीच्या पत्रात पाचव्या ओळीच्या खाली ते टाइप करून खाली सही-शिक्का दिला.